पडद्याच्या दोन भागांतली शिकवणी

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या अर्ध्या भागात धड्याचा व्हिडिओ चालू असतो, उरलेल्या अर्ध्यात लिब्रेऑफिस कॅल्क हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडलेलं असतं. व्हिडिओतला आवाज मराठीतून सांगतो: ए१ ते ए५ या सेलमध्ये आकडे भरा, ए६ मध्ये बरोबरचं चिन्ह देऊन बेरजेचं सूत्र लिहा. शिकणारा व्हिडिओ थांबवतो, तेवढंच स्वतः करतो आणि एन्टर दाबतो. बेरीज जुळली की पुढे.

मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची ही रीत. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाला केंद्र सरकारचं अर्थसाहाय्य मिळालं. धडा साधारण १० मिनिटांचा आणि विनामूल्य. मराठीसह अनेक भारतीय भाषांत फक्त निवेदन बदलतं. पडद्यावरची बटणं इंग्रजीतच राहतात. हे फार शहाणपणाचं आहे, कारण पुढे दुकानात किंवा कचेरीत कामाला बसलं की तीच बटणं समोर येतात.

धड्याची संहिता ध्वनिमुद्रणाआधी त्या विषयातल्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तो जिथे अडतो, तिथलं वाक्य सुधारतात. शिक्षक समोर नसताना ही काळजी घ्यायलाच हवी.

सॉफ्टवेअरही मोफत असल्याने घरी सराव करता येतो. धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसलं तरी चालतात. नवख्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात: काम जपायला कंट्रोल-एस, चुकलेलं मागे घ्यायला कंट्रोल-झेड.