मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस

कर्जतहून मुंबई गाठायला लोकलने दोन तास तरी जातात, खोपोलीकरांना त्याहून जास्त. खिडकीची जागा मिळाली, तर एवढ्या वेळात स्पॅनिशचा एखादा धडा सहज गिरवून होतो.

आकडे स्टेशनांवर मोजा. खोपोलीकडे जाताना कर्जत सुटलं की पळसदरी उनो, केळवली दोस, डोलवली त्रेस, लौजी क्वात्रो, खोपोली सिंको.

शब्दही अगदी परके नाहीत. स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज. तिनं मराठीला बटाटा, साबण, पगार दिले. स्पेनमध्ये बटाटा ‘पताता’, साबण ‘हाबोन’, आणि ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं!

खरी गंमत व्याकरणात आहे. ‘मला आंबा आवडतो’ म्हणजे ‘मे गुस्ता एल मांगो’. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आवडतो, आवडतात, क्रियापद आपल्यासारखंच आंब्यामागे धावतं. इंग्रजीच्या वाटेनं जाणारे इथेच अडखळतात, म्हणून सराव मराठीतूनच करा. नामांची लिंगं दोनच, पण हात, म्हणजे ‘मानो’, चक्क स्त्रीलिंगी! आणि आपल्या एका ‘आहे’साठी तिथे दोन क्रियापदं, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. त्यांना वेळ द्यावाच लागतो.

वाचन मोठ्यानं करा; शेजारचा प्रवासी बघेल, बघू द्या. प्रश्नार्थक वाक्याच्या सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह असतं, त्यामुळे सूर आधीच कळतो. तयारी झाली की पहिल्या पायरीची परीक्षा आहे ‘देले ए१’. ती घेणाऱ्या इन्स्तितूतो सेर्वांतेस या स्पॅनिश संस्थेचं केंद्र नवी दिल्लीत आहे.