अर्धे राहिलेले रामायण

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



परीक्षिती राजाला सात दिवसांची मुदत मिळाली होती. सातव्या दिवशी तक्षक दंश करील, हा शाप त्याला अगोदर समजला. या मुदतीचे त्याने काय केले, याच्या दोन हकीकती आपल्या ग्रंथांत आहेत. महाभारतातील परीक्षितीने एका खांबावर महाल बांधविला, पहारे बसविले, वैद्य व मांत्रिक जमविले. तरी फळातील बारीक किडा होऊन तक्षक आत शिरलाच. भागवतातील परीक्षितीने राज्य जनमेजयाच्या हाती सोपविले, तो गंगेच्या काठी जाऊन बसला आणि जमलेल्या ऋषींना त्याने विचारले, मरण जवळ आलेल्या माणसाने काय करावे? तेव्हा शुकाचार्यांनी त्याला खट्वांग राजाची आठवण दिली. खट्वांगाचे आयुष्य एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे उरले होते, आणि तेवढ्यात त्याने आपले कल्याण साधले. परीक्षितीपाशी तर पुरते सात दिवस होते. गावोगाव भागवताचा सप्ताह बसतो, त्यातले सात दिवस ते हेच.

आपणा संसारी माणसांना अशी मुदत कोणी कळवीत नाही. म्हणून आपण ती बेमुदत धरून चालतो. कचेरीत एखाद्या अर्जावर ‘चौकशीअंती निर्णय’ असा शेरा मारून कागद बाजूला ठेवावा, त्याप्रमाणे माणूस आपल्या आयुष्यातील कामे बाजूला ठेवतो. प्रत्येक गावात असे एखादे घर असते. म्हातारा शहाणा, मुलगे चांगले. जमिनीची वाटणी जिवंतपणीच करून द्यावी हे म्हाताऱ्याच्या मनात पक्के असते. परंतु विहीर कोणाच्या वाट्याला घालावी, एवढ्यावर अडते. दिवाळी झाली की बघू, सुगी झाली की बघू, धाकट्याचे लग्न झाले की बघू. आणि एका पहाटे म्हातारा जातो. पुढे वारसांची नोंद होते, हरकत येते, आणि ज्या भावांनी एका ताटात खाल्ले ते कोर्टाच्या पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसतात. यात दुष्ट कोणीच नसतो. ट्रंकेत एक कागद सहीवाचून राहिलेला असतो, इतकेच.

आपल्या या देवळाचेही काही निराळे नव्हते. सभामंडपाच्या तुळया वाळवीने पोखरल्या होत्या, पावसाळ्यात गाभाऱ्यात थेंब पडत होते, हे सर्वांना दिसत होते. दर जत्रेनंतर बैठक होई आणि दर बैठकीत तेच तीन प्रश्न निघत. पैसा पुरेल काय? काम अर्धे राहिले तर पंचक्रोशीत हसे होणार नाही काय? आणि हे पुरे होईपर्यंत आपण तरी राहणार आहोत काय? पहिले दोन प्रश्न व्यवहाराचे होते, ते विचारणारांना दोष देता येत नाही. तिसरा मात्र वयस्कर मंडळी चेष्टेने विचारीत आणि सगळे हसत. परंतु हात मागे ओढणारा खरा प्रश्न तोच होता. त्याचे उत्तर शोधायला पैठणला जावे लागते.

एकनाथ महाराजांनी हाती घेतलेली कामे पाहिली तर मन थक्क होते. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका त्यांनी शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीस पुरी केली. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली होती. एका हातून दुसऱ्या हाती नकलून घेताना तीत अशुद्ध पाठ शिरले होते. या काळात ते कितीतरी विद्वानांना दिसले असतील, पण नाथांनी बसून शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. हे सर्व प्रपंच सांभाळून, अन्नदान व कीर्तन चालू ठेवून.

आणि एवढे झाल्यावर उतारवयात त्यांनी भावार्थ रामायण आरंभिले. सात कांडे, पुढे पुरा झालेला ग्रंथ सुमारे ४० हजार ओव्यांचा. आपण हे करण्यास समर्थ नाही, पण राम आपल्याला स्वस्थ बसू देत नाही, अशा अर्थाचे नाथांनी स्वतःच ग्रंथात म्हटले आहे. म्हणजे संकोच त्यांनाही होता. एवढ्या मोठ्या पुरुषाने तो लपविला नाही, ही गोष्ट आपल्यासारख्यांना धीर देणारी आहे. पाच कांडे झाली. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले. ग्रंथ तेथे थांबला. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी देह ठेवला. रावणवध व्हायचा होता, सीतामाई अजून अशोकवनातच होती.

पुढची हकीकत पैठणच्या परंपरेत सांगतात. नाथांच्या घरी गावबा नावाचा मुलगा वाढला होता. त्याला पुरणपोळीची फार आवड, अभ्यासात मात्र मंद. मंत्र दिला तर ‘एकनाथ’ या नावापलीकडे दुसरे काही म्हणायला तयार नाही. अखेरच्या दिवसांत मंडळींनी नाथांना विचारले, रामायण अपुरे राहिले, त्याचे काय? नाथ म्हणाले, गावबा पुरे करील. लोक हसले. हसणे साहजिक होते. नाथांचे चिरंजीव हरिपंडित शास्त्रांत निष्णात, त्यांचे नाव कोणीही घेतले असते. पण हाक गेली ती पुरणपोळीवाल्या पोराला. त्याने लेखणी घेतली आणि पंचेचाळिसाव्या अध्यायापासून पुढे ग्रंथ नेऊन संपविला. आज रामायण लावून बसणाऱ्या आपल्या आयाबायांना नाथांची ओवी कोठे संपली आणि गावबाची कोठे सुरू झाली, हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

नाथांनी शेवट दिसेपर्यंत वाट पाहिली असती तर गावबाच्या हाती काय आले असते? कोरे कागद.

या जीर्णोद्धाराच्या पावतीपुस्तकातील पहिली पावती ज्या बाबांच्या नावाची आहे, ते आज या मंडपात नाहीत. रक्कम ५०१ रुपये. ती त्यांनी त्याच बैठकीत, तिसरा प्रश्न निघून सगळे हसत असतानाच, कोपरीच्या खिशातून काढून पुढे ठेवली. ‘मोजून घ्या’, एवढेच म्हणाले. चौथरा कमरेइतका वर येण्याआधी ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गवंड्यांच्या जेवणाची पाळी त्यांच्या घरची होती. पाळी बदलून देऊ, असे कमिटीने सांगून पाहिले, परंतु त्यांची सून दुपारी भाकरी-कालवणाची पाटी डोक्यावर घेऊन वेळेवर हजर झाली.

कलश चढला. आवाराची उत्तरेकडील भिंत आणि ओवरीची फरशी अजून बाकी आहे. पावतीपुस्तक सभामंडपात उजव्या हाताच्या खांबापाशी ठेवलेले आहे.