घाट विचारीत नाहीं

आगगाडीचें इंजिन चालविणाऱ्या स्त्रियांचा शोध घेणारा वार्ताहर प्रथम एकाच नांवापाशीं येऊन पोंचतो : साताऱ्याच्या सुरेखा यादव. विद्युत् अभियांत्रिकीची पदविका घेऊन १९८९ सालीं त्या मध्य रेल्वेंत सहायक चालक झाल्या. ८ मार्च २०११ रोजीं त्यांनीं ‘डेक्कन क्वीन’ पुण्याहून मुंबईस आणली. बोरघाटांत ३७ फुटांस एक फूट असा उतार. तेथें ब्रेकवरील हाताचीच परीक्षा. तो हात स्त्रीचा कीं पुरुषाचा, हें घाट विचारीत नाहीं. विचारतात तीं माणसें!

२०२५ सालीं त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या मागून अनेकजणी आल्या, तरी पुरुषांच्या मानानें थोड्याच. पहिलीचें नांव आतां सर्वांस ठाऊक आहे. इंजिनांत कित्येक दशकें साधें शौचालयही कां नव्हतें, हें वार्ताहरानें आतां शोधावें.