तळ्यातला ब्लूगिल आणि डबीतल्या चार फ्लाय

आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे.

नेपरव्हिल, ऑरोरा, शॉम्बर्ग या बाजूला राहणाऱ्यांच्या वसाहतीत एखादं लहान तळं बहुतेक असतंच. पावसाचं पाणी साठावं म्हणून खणलेलं, कडेनं फिरायची वाट असलेलं. आपण तिथं संध्याकाळी फेरी मारतो, भारतातून आलेल्या आईवडिलांना फिरवून आणतो, मुलं बदकांच्या मागे धावतात. त्या पाण्यात मासे असतील, तर त्यांत ब्लूगिल असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. आपल्या इलिनॉयचा हा राज्यमासा. तळहाताएवढा, चपटा, गोलसर. कल्ल्यांच्या कडेला निळी झाक, मागच्या टोकाला कानासारखा काळा ठिपका.

हा मासा फ्लायवर फार छान येतो. म्हणून एखाद्या वाढदिवसाला घरात फ्लाय रॉड येतो, आणि मग आई किंवा बाबा मुलाला घेऊन दुकानात उभे राहतात. समोर शेकडो खण. पिसांच्या, केसांच्या, फोमच्या, चमचमणाऱ्या फ्लाय. कोणती घ्यायची? मूल सगळ्यांत रंगीत आणि सगळ्यांत मोठी फ्लाय उचलतं. दोन शनिवार तळ्यावर काहीच लागत नाही, आणि रॉड गॅरेजमध्ये जातो. तसं होऊ नये, म्हणून आज फक्त एवढंच बोलू: लहान तळ्यातल्या ब्लूगिलसाठी फ्लाय कशी निवडायची.

आधी एक खुलासा. फ्लाय म्हणजे गळावर दोरा, पिसं, केस किंवा फोम गुंडाळून केलेला खोटा किडा. नाव माशीचं असलं तरी तो मुंगळा असू शकतो, कोळी असू शकतो, जळू असू शकते. ब्लूगिल खातो ते असंच सगळं: पाण्यातले बारीक जीव, चतुर आणि टाचणीची पाण्यात वाढणारी पिल्लं, डासांच्या अळ्या, गोगलगाई, वरून पडलेले मुंगळे आणि नाकतोडे. तो फार चोखंदळ नाही. त्यामुळे किडा हुबेहूब दिसण्याची गरज नाही. गरज तीन गोष्टींची आहे, आणि त्याही याच क्रमानं: आधी आकार, मग खोली, मग वेग. रंग सगळ्यांत शेवटी.

पहिली गोष्ट, आकार. ब्लूगिलचं तोंड अगदी लहान असतं. आठ इंचांचा दांडगा मासा असला, तरी त्याच्या तोंडात तुमच्या करंगळीचं टोक जेमतेम मावेल. तो चावत नाही. पाण्यासकट किडा आत ओढून घेतो. फ्लाय मोठी असेल तर तो नुसते पाय किंवा शेपूट ओढतो आणि सोडून देतो. तुम्हाला दोरीवर टकटक जाणवते, मासा येत नाही.

मग सगळ्यांत बारीक गळ घ्यावा का? तेही नको. फार बारीक फ्लाय तो थेट घशापर्यंत ओढतो, आणि तिथून गळ काढताना मासा जखमी होतो. गळांचे नंबर उलटे चालतात हे लक्षात ठेवा: नंबर मोठा तितका गळ लहान. ब्लूगिलसाठी दहा नंबर हा मधला आणि भरवशाचा. आठ ते बाराच्या मध्ये राहा. दुकानात एवढं सांगितलंत तरी अर्धी निवड झाली.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत मासे खात नाहीत, आणि मुलाचा छंद म्हणून मुक्या जिवाला त्रास का द्यायचा, हा प्रश्न आजी विचारते. प्रश्न रास्त आहे. गळ टाकायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण टाकायचं ठरलं, तर पाण्यात परत गेलेला मासा जगेल की नाही, हे बरंचसं या नंबरावर ठरतं. दुसरं काम घरीच करा. गळाच्या टोकाशी एक उलटा दात असतो, तो पक्कडीनं दाबून सपाट करा. मग गळ चिमटीनं अलगद निघतो, माशाच्या ओठातूनही आणि मुलाच्या बोटातूनही.

दुसरी गोष्ट, खोली. फ्लाय चुकीची नसते, बहुधा ती चुकीच्या उंचीवर असते. मासा पाच फुटांवर आणि फ्लाय पाण्यावर, असं झालं की दिवस वाया. म्हणून डबीत चार फ्लाय ठेवा, प्रत्येक वेगळ्या थरासाठी.

एक, वर तरंगणारी: फोमचा कोळी किंवा लहान पॉपर, दहा नंबरचा, रबरी पायांचा. मुलांना हीच सगळ्यांत आवडते, कारण मासा वर येऊन ‘चप्’ आवाज करून घेतो आणि ते डोळ्यांना दिसतं.

दोन, सावकाश बुडणारी: रबरी पायांचा, जड न केलेला कोळी. तो पानासारखा हळूहळू खाली जातो आणि जाताना पाय हलत राहतात. एकच फ्लाय घ्यायची असेल, तर ही घ्या.

तीन, थोडी जड निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल. हेअर्स इअर किंवा फेझंट टेल, डोक्याशी धातूचा मणी असलेली, बारा नंबरची. फेझंट टेल ही इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर राखणदारी करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी तयार केली, ट्राउट माशांसाठी. इलिनॉयच्या ब्लूगिललाही ती तितकीच पटते.

चार, वूली बगर, दहा नंबरची, काळी किंवा ऑलिव्ह. पाण्यात ती जळूसारखी किंवा पोहणाऱ्या चतुराच्या पिल्लासारखी दिसते. मोठा ब्लूगिल हिला येतो, आणि कधीकधी बासही.

प्रत्येकी दोन घ्या, कारण एक झाडाला जाणारच. आठ फ्लाय, एक छोटी डबी, बस्स.

आता मासा कोणत्या थरात आहे, हे कसं कळायचं? मोजून. बुडणारी फ्लाय टाका आणि मुलाला मोठ्यानं मोजायला सांगा, मराठीत. पाचपर्यंत मोजलं की दोरी हळू ओढायला लागा. काही नाही? पुढच्या वेळी दहापर्यंत. मग पंधरा. ज्या आकड्यावर मासा लागला, तो आकडा लक्षात ठेवा आणि पुन्हा तिथपर्यंतच मोजा. लहान तळं फार खोल नसतं, त्यामुळे एकोणतीस आणि एकोणचाळीसपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, याबद्दल मुलं तळ्याचे आभारच मानतील.

तिसरी गोष्ट, वेग. ब्लूगिल झेप घालत नाही. तो जवळ येतो, दोन-तीन इंचांवर थांबतो, बघतो. त्या क्षणी फ्लाय पळाली की तो वळतो. पॉपर पाण्यावर पडला की वर्तुळं उठतात. ती पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका. मग फक्त रबरी पाय थरथरतील एवढाच झटका. पुन्हा थांबा. बुडणाऱ्या फ्लायला बोटभर ओढा, थांबा, बोटभर ओढा. पुष्कळदा मासा थांबलेलीच फ्लाय घेतो. तेव्हा हाताला काही कळत नाही; पाण्यावरच्या दोरीचं टोक किंचित सरकतं, तिकडे डोळा ठेवा. म्हणून रबरी पायांच्या फ्लाय चांगल्या: फ्लाय जागच्या जागी असते आणि पाय हलत असतात.

या तीन गोष्टी जमल्या की रंग. काळा, ऑलिव्ह, पिवळा, यांतले कोणतेही दोन पुरेत. मासे टकटक करून सोडत असतील, तर रंग बदलण्याआधी एक नंबर लहान फ्लाय लावा.

आता ऋतूप्रमाणे थोडं. एप्रिलमध्ये पाणी थंड असतं, मासे खोलात आणि सुस्त. निंफ लावा, फार हळू ओढा, दुपारचं ऊन पडणारा काठ धरा. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तरंगणारी फ्लाय, दुपारी सावलीत किंवा पाणवनस्पतींच्या कडेला बुडणारी. सप्टेंबरमध्ये पुन्हा काठाशी गंमत येते.

मधले मे अखेर आणि जून मात्र सावकाश ऐका. पाणी सत्तर अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं, की नर ब्लूगिल उथळ पाण्यात शेपटीनं वाळू झाडून ताटाएवढी घरटी करतात. काठावरून पाहिलंत तर एकाला एक लागून फिकट गोल दिसतील, आणि प्रत्येकावर एक गडद, केशरी छातीचा नर. मादी अंडी घालून निघून जाते. राखण करतो बाप. तो जवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर तुटून पडतो, म्हणून या दिवसांत कुठलीही फ्लाय चालते. पण तो नर उचलून नेला, की बाकीचे मासे थोड्याच वेळात घरटं रिकामं करतात.

त्याहून मोठं नुकसान नंतर दिसतं. मोठे नर एकेक करून गेले, की लहान नर लवकर वयात येतात. मग त्यांचं बळ वाढीऐवजी पिल्लांकडे खर्च होतं, आणि काही वर्षांत तळं बोटभर माशांनी भरून जातं. तुमचं तळं लहान आहे. दोन-तीन घरांनी एका जूनमध्ये दांडगे नर नेले, तरी पुढच्या मुलांना मोठा ब्लूगिल बघायला मिळणार नाही. म्हणून घरट्यावरचा नर आणि मोठा मासा परत सोडा. बासही सोडा, बारीक ब्लूगिलची गर्दी तोच आटोक्यात ठेवतो.

सोडताना हात ओले करा. पाठीवरच्या परात टोकदार काटे असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत ते मिटवा आणि मग धरा. फोटो एकच, झटकन. ज्यांना खायचे असतील, त्यांनी मधल्या आकाराचे, मोजके न्यावेत. मात्र वसाहतीच्या तळ्यात हिरवळीवरची औषधं वाहून येतात. तिथले मासे ताटात घेण्याआधी राज्याच्या आरोग्य खात्याच्या सूचना वाचा.

फ्लाय रॉड नसेल तरी अडू नका. साध्या स्पिनिंग रॉडला छोटा तरंगा लावा आणि त्याच्याखाली तीन फुटांवर बुडणारी फ्लाय बांधा. आठ वर्षांच्या मुलाला हे जास्त सोपं जातं. फ्लाय रॉड घेणार असाल तर चार किंवा पाच वेटचा आणि तरंगणारी लाइन. काठी मागे नेण्याआधी मागे कोण आहे ते बघा, आणि सगळ्यांनी चष्मा घाला.

शेवटचं, नियमांचं. इलिनॉयमध्ये सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना मासेमारीचा परवाना लागतो. मुलाला लागत नाही, पण तुम्हीही काठी धरणार असाल तर तुम्हाला लागतो. आणि उन्हाळ्यात आलेल्या आजोबांनाही. त्यांच्यासाठी थोड्या दिवसांचा परवाना मिळतो. जूनमध्ये फादर्स डेच्या सुमारास राज्यात विनापरवाना मासेमारीचे काही दिवस असतात, तारखा दरवर्षी बघून घ्या. वसाहतीचं तळं असेल तर तिथं गळ टाकायला परवानगी आहे का, तेही विचारा. तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणा. बदकांच्या पायात ती अडकते.

तर मंडळी, या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला उन्हं कलली की निघा. डबीत चार प्रकारच्या फ्लाय, हातात पक्कड. आधी तरंगणारी लावा. दहा मिनिटांत कुणी विचारलं नाही, तर सावकाश बुडणारा कोळी लावा आणि मोजायला सुरुवात करा.

तुमच्या तळ्यात मासा कितव्या आकड्यावर लागला, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.