लाईट गेली, पण तोडली नाही

(पनवेल इथं तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं ते लिहिताना घातलं आहे.)



मला विषय दिलाय व्यक्तिस्वातंत्र्य. माझ्या आधी बोलले ते शिकलेले होते. त्यांनी घटनेतली कलमं सांगितली. ती खरी आहेत आणि आपल्या बापानं लिहिलेली आहेत. मी मॅट्रिक. बंदरात राबतो, रात्री कविता लिहितो, लाईट असली तर. म्हणून मी लाईटवर बोलणार आहे. हा विषय सोडून भरकटला असं वाटेल, पण जरा दम धरा.

न्हावा-शेवाच्या यार्डात रीफर असतात. रीफर म्हणजे आतला माल थंड ठेवणारा कंटेनर. नाशिकची द्राक्षं, कोळंबी, मांस, औषधं. ट्रेलरवरून उतरला की पहिलं काम त्याचा प्लग लावायचा. मग तापमान बघायचं, कागदावर लिहायचं, पाळी बदलली तरी दुसऱ्यानं येऊन पुन्हा बघायचं. काटा दोन अंश वर सरकला की ठेकेदाराचा माणूस बोंबलत येतो. मी द्राक्षांचा दुस्वास करत नाही, शेतकऱ्याचा घाम आहे त्यात. पण पाळी संपवून मी खोलीवर येतो तेव्हा माझ्या पोरांचं तापमान लिहून ठेवायला कोणी उभा नसतो. खोली दहा बाय दहा, वर पत्रा. मीटर घरमालकाच्या नावावर, मला त्यानं सबमीटर लावून दिलाय. बिलावर छापलेल्या दरापेक्षा जास्त दर तो घेतो. का, विचारलं तर म्हणतो, परवडत नसेल तर खोली खाली कर. मेन स्विच त्याच्या ओट्यावर, लाकडी पेटीत, पेटीला कुलूप.

घटनेनं मला बोलायचं स्वातंत्र्य दिलं. इथं माईकवर मी सरकारला शिव्या घालू शकतो. घरमालकाला मात्र मी 'शेठ' म्हणतो आणि खाली बघतो. का? कारण एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली पंखा बंद झाला तर लेकरू झोपत नाही. माझं स्वातंत्र्य त्या पेटीच्या कुलपापाशी संपतं. आणि हा घरमालक तर लहान मासा. त्याच्यावर कंपनी आहे.

कंपनीच्या आणि आपल्या मधे एक कायदा आहे. वीज कायदा, २००३. त्यातलं कलम ५६ घरी जाऊन पाठ करा. बिल थकलं तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलच चुकीचं आहे असं म्हणणं असेल तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी ते भरायचं, मग भांडण मिटेपर्यंत तोडता येत नाही. चांगलं कलम आहे. पांढरपेशा माणसाला त्याचं महत्त्व कळत नाही, कारण त्याचं बिल बँकेतून आपोआप जातं. आपल्या वस्तीत हे पंधरा दिवस म्हणजे काय असतं ते मी सांगतो.

पंधरा दिवसांत एक पगार येतो. नाहीतर भिशीचा नंबर लागतो. नाहीतर बायको माहेराहून आणते. नाहीतर कानातलं गहाण पडतं. आणि सोळाव्या दिवशी वायरमन येतो. शिडी घेऊन येतो, म्हणजे दिसतो. गल्लीच्या तोंडाशी आला की पोरं ओरडतात. बाया बाहेर येतात. भाऊ, पोरीची दहावी आहे. भाऊ, म्हातारी दम्याची आहे, यंत्र लावावं लागतं. वायरमन तरी कोण असतो? बऱ्याचदा ठेक्यावरचाच, आपल्यासारखाच, त्याचाही पगार दोन महिने रखडलेला. तो इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, सोमवारपर्यंत भरा, नाहीतर साहेब मला सोडणार नाही. आणि जातो. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण कायद्यानं दिलेल्या त्या पंधरा दिवसांच्या फटीतूनच हे सगळं घडतं. माणूस माणसासमोर येतो, त्याला तोंड दाखवावं लागतं, त्याच्याशी भांडता येतं. गरिबाचं व्यक्तिस्वातंत्र्य म्हणतात ते मला तरी या फटीएवढंच दिसलंय.

आता ती फट बुजवायचं काम चाललंय. २०२० साली केंद्र सरकारनं नियम काढले. नाव ऐका, 'विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम'. हक्क! त्या हक्काच्या नियमात लिहिलंय की मीटरशिवाय कनेक्शन नाही आणि तो मीटर प्रीपेड असेल. वेगळं काही करायचं तर आयोगाची परवानगी. आणि पुढे असं आहे की भरलेले पैसे संपले की मीटर आपोआप पुरवठा बंद करील, मात्र याला वीज तोडणं समजलं जाणार नाही, पुन्हा रिचार्ज केलं की चालू होईल.

मी कवी माणूस, शब्दाशी माझी ओळख आहे. हे वाक्य मी चारदा वाचलं. लाईट गेली, पण तोडली नाही. तोडलीच नाही तर नोटीस कशाची? पंधरा दिवस कशाचे? भांडायचं कोणाशी? रात्री दोन वाजता पंखा थांबला तर तो तुझाच बॅलन्स संपला, कंपनीनं काही केलंच नाही. हात कोणाचा ते दिसतच नाही.

ही भाषा आपल्याला नवी नाही. आपला जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा, आजचा रायगड. याच जिल्ह्यात महाड. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद पक्का होता. पाणी बंद केलंय असं कोणीच म्हणत नव्हतं. रीत आहे, एवढंच म्हणत होते. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तो कागद ओला झाला. चवदार तळं ही पालिकेच्या मालकीची, म्हणजे सगळ्यांची सोय होती. आजच्या भाषेत सार्वजनिक सेवा. हक्क कागदावर आणि हात दुसऱ्याचा, हे आपण तिथं शिकलो.

विजेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या उंबऱ्यावरून गेलाय. १९१५ साली टाटांची वीज खोपोलीहून निघाली आणि मुंबईच्या गिरण्यांना गेली. १९२१ साली मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट पुढे होते. मावळ्यांच्या जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण, सावकारांनी मोबदल्याकडे डोळे लावले आणि लढा मोडला. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचं नाव मोबदल्याच्या यादीत कुठून येणार? ते पाणी घाटाखाली भिऱ्याला पडतं, भिरा आपल्याच जिल्ह्यात. मग कोयना. ती तर सरकारची, तरी तिथली उठवलेली माणसं अजून अर्ज घेऊन फिरतात. सरकारी आहे म्हणून हात मऊ होतो असं मी मानत नाही.

पण खाजगी हात काय करतो ते गुहागरला दिसलं. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाविरुद्ध गावं उठली. १९९७ च्या जूनमध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळ्यांच्या घरात शिरले, बायांना मारत बाहेर काढलं. ॲम्नेस्टीनं त्याच वर्षी त्यावर अहवाल छापला. १९९९ साली ह्यूमन राईट्स वॉचनं छापलं की बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. जमावबंदी, तडीपारी, अटक, सगळं झालं. कशासाठी? महाग विजेसाठी. २००१ साली राज्यानं ती वीज घेणं बंद केलं आणि प्रकल्प थंड पडला. बायांच्या पाठीवरचे वळ कोणत्या खात्यात जमा झाले?

आता पनवेलला या. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे झाले, वाटपाचं काम महावितरणकडे आलं. २०२२ च्या शेवटी अदानींच्या कंपनीनं भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात समांतर वीज वाटायचा परवाना मागितला. ४ जानेवारी २०२३ ला वीज कामगार संपावर गेले, बहात्तर तासांचा संप. सरकारनं मेस्मा लावला. त्याच दिवशी बोलणी झाली आणि संप मागे घेतला.

तेव्हा आमच्या बंदरातला एक जण म्हणाला, काय वाईट आहे, मोबाईलसारखं होईल, आवडेल ती कंपनी घे, हेच व्यक्तिस्वातंत्र्य. मी त्याला म्हटलं, नव्या कंपनीचा माणूस आधी कुठं जाईल? तळोज्याच्या कारखान्यात जाईल, खारघरच्या टॉवरमध्ये जाईल. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडीत शिडी घेऊन जाईल का? मोठी बिलं नव्याकडे गेली की जुन्याकडे कोण उरणार? आपण. आणि तोट्याचा भार कोणावर? तोही आपल्यावर. निवड ही चीज ज्याच्यामागे बिल मोठं त्याला मिळते. बंगलेवाला छतावर सोलर टाकून कंपनीला रामराम करील. माझ्या पत्र्याला छत म्हणता येत नाही, आणि तोही शेठचा.

पुढे मीटर आले. २०२३ साली महावितरणनं राज्यात सव्वादोन कोटींच्या आसपास स्मार्ट मीटर बसवायची कंत्राटं दिली. आपल्या भांडुप परिमंडळाचं कंत्राट अदानींकडे गेलं. गावोगाव ओरड झाली, मोर्चे निघाले. २०२४ च्या जूनमध्ये उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री असलेल्या फडणवीसांनी जाहीर केलं की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. लोकांनी फटाके वाजवले. मग तसलेच स्मार्ट मीटर टीओडी नावानं, बिल नंतर येईल असे म्हणून, भिंतीवर चढू लागले. दोस्तांनो, या जातीच्या मीटरचा प्रीपेड-पोस्टपेड हा भेद डब्याबाहेरून करता येतो. आत स्विच आहे, तो दूरवरच्या खोलीतून पडतो. शिडी लागत नाही, वायरमन लागत नाही. आज ते तो स्विच कसा वापरतात हा प्रश्न दुसरा, तो बसवला गेलाय हे मी सांगतोय. २०२५ च्या जुलैपासून या मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. ९ ते ५ आपल्या घरात कोण असतं? कुलूप असतं.

शिवाय हा मीटर तासात दोनदा-चारदा नोंद ठेवतो. तुम्ही किती वाजता उठलात, घर कधी रिकामं होतं, रात्री किती वाजेपर्यंत बैठक चालली, हे त्या आकड्यांतून वाचता येतं. तुम्ही हसता. हॉलंडच्या वरिष्ठ सभागृहानं २००९ साली सक्तीचे स्मार्ट मीटर याच कारणासाठी परत पाठवले होते. तिथं माणसाच्या घराच्या आत डोकावणं गुन्हा वाटतो. आपल्या झोपडीत तर ज्याला वाटेल तो पडदा बाजूला सारून डोकं घालतो, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. वाटायला पाहिजे.

आकडा टाकण्याबद्दल एक शब्द. मी आकड्याची कविता करणार नाही. कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पहिल्या पावसात उघड्या वायरला चिकटून मरतं ते आपलंच पोर. पण मीटर मागूनही जिथं मिळत नाही तिथं आकडा पडणार, हेही खरं. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोला २००१ साली वीज तोडलेल्या घरांत लोकांनी एकत्र येऊन पुन्हा तारा जोडल्या. 'ऑपरेशन खान्यिसा' नाव दिलं, खान्यिसा म्हणजे उजेड कर. ते चोरून नव्हतं, दिवसाढवळ्या होतं, सगळी गल्ली उभी होती. त्या सरकारलाही बोलणी करावी लागली. फरक ओळखा. रात्री एकट्यानं टाकलेला आकडा तुम्हाला घाबरट करतो.

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते हे तुम्हाला माहीत आहे. वीज त्यांच्याच खात्यात होती हे किती जणांना माहीत आहे? १९४३ च्या ऑक्टोबरात त्यांनी विजेच्या समितीपुढे भाषण केलं. वीज स्वस्त हवी, भरपूर हवी, तिच्याशिवाय कारखाने नाहीत आणि कारखान्यांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, आणि ती कोणाच्या मालकीची असावी हे ठरवा, असा त्यांचा रोख होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे करा आणि ते घटनेतच लिहा, असं त्यांनी मागितलं. लोक म्हणणार यानं व्यक्तिस्वातंत्र्य जातं. त्यांनी आधीच विचारून ठेवलंय, स्वातंत्र्य कोणाचं? जमीनदाराचं खंड वाढवायचं? मालकाचं मजुरी कापायचं? सरकारनं हात काढला की मालकाचा हात मोकळा होतो. माझ्या शेठच्या ओट्यावरची पेटी समजून घ्यायला मला त्या पुस्तकाइतकं काही उपयोगी पडलं नाही.

आता कामाचं. आपल्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक सबमीटरवर आहेत. कलम ४३ म्हणतं, मालकानं किंवा तिथं राहणाऱ्यानं अर्ज केला तर वीज द्यायची. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूची वीज अडवता येत नाही. एकट्यानं अर्ज केला तर शेठ दुसऱ्या दिवशी खोली खाली करायला सांगेल, मला माहीत आहे. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी करायचा. शेठ एका गल्लीत पन्नास खोल्या रिकाम्या करणार नाही, त्याचंही भाडं बुडतं.

येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयात या. शेवटची तीन लाईटबिलं किंवा शेठची चिठ्ठी, आधार आणि राहत असल्याचा जो असेल तो कागद आणा. बायांना आणा, वायरमनशी आजवर त्याच बोलल्यात, त्यांना जास्त कळतं. अर्ज मी लिहून आणलाय. झेरॉक्सचे दोन रुपये ज्याचे त्यानं द्यायचे.