चोरीचा माल घेणारा

१९ व्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत घड्याळ चोरीस गेलें, तर खटला चालविण्याची दगदग बहुधा मालकालाच करावी लागे. स्कॉटलंडांत हें काम सरकारचें, म्हणजे लॉर्ड अ‍ॅडव्होकेटचें असे. तेथें एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला शिक्षा होत नसे, आणि १५ जणांची ज्यूरी बहुमतानें निर्णय देई.

खरी पंचाईत होई ती चोरीचा माल घेणाऱ्याच्या बाबतींत. ह्या गुन्ह्याला तेथें ‘रीसेट’ म्हणत. माल घरांत सांपडला एवढ्यानें भागत नसे. तो चोरीचा आहे हें आरोपीस ठाऊक होतें, असें सिद्ध व्हावें लागे. मनांतलें ज्ञान साक्षीदार कसें पाहणार? मग कवडीमोल किंमत, रात्रींची देवघेव, लपविलेला माल, विसंगत खुलासा अशा बाह्य खुणांवर भर पडे. त्या अपुऱ्या वाटल्या, तर ज्यूरीला ‘शाबीत नाहीं’ असा तिसराच निकाल देतां येई. आरोपी सुटे, संशय मात्र गांवांत उरे.

नवऱ्यानें आणलेला माल बायकोनें त्याला वांचविण्यासाठीं दडविला, तर कायदा तिला गुन्हेगार मानीत नसे. ही माणुसकी खरीच. पण तोच माल ती स्वतः विकूं लागली, कीं तिचीही गय होत नसे.