खो-खोच्या हंगामाआधी



पावसाळा सरला, की गावोगावच्या बाल खो-खो मंडळांची लगबग सुरू होते. पहिली बैठक बहुधा अध्यक्ष कोण, यावरच संपते. संपू द्या, पण त्याआधी कोणीतरी मैदानावर अनवाणी फिरून या. चिखल वाळला की खडे वर येतात, आणि सूर मारणाऱ्या पोरांचे गुडघे त्यांवरच सोलतात. खडे वेचा, पाणी मारून जमीन दाबून घ्या. खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर हवा. त्यावरून हात फिरवून बघा, खिळा वर आलेला नसावा. रेघांना फक्की घ्या. कळीचा चुना नको, तो डोळे जाळतो. वयाचे दाखले शाळेतून आधीच काढून ठेवा.

आता खरी अडचण. मैदानात उतरतात नऊ, आणि संध्याकाळी पोरं जमतात तीस. एका वर्षी आम्ही पहिल्याच आठवड्यात संघ निवडला, बाकीच्यांना म्हटले, "बघत बसा." दिवाळीनंतर पाहतो तो बघणारे कोणीच नाही! मग सरावाला नऊजणांपुढे पळायचे कोणी? पळणारे तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात ना? मग रोज निराळे तिघे उतरवा. मुलींचा सराव उजेडी आटपा. काळोखातून परतायचे म्हटले की आया पाठवीत नाहीत, आणि त्यांचे चुकत नाही.

संघ निवडायचा तो सामन्याच्या आधल्या आठवड्यात. गुरे बांधून रोज उशिरा येणारा एक मुलगा पुढच्या वर्षी आम्ही असाच शेवटी घेतला. खांबाशी त्याच्यासारखे वळणारे आमच्यात दुसरे कोणी नव्हते.